सातासमुद्रांपलीकडचे उपाध्याय

कलियुगांत ज्या गोष्टी वर्ज्य म्हणून शास्त्रकारांनीं सांगितल्या, त्यांत द्विजानें समुद्रयात्रा करणें ही एक होती. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं विलायतेहून परतलेल्या बॅरिस्टराला पंक्तीस घ्यावें कीं नाहीं, यावर आपल्याकडे केवढें रण माजे, हें घरांतील वडीलधाऱ्यांनीं आपल्या वडिलांकडून ऐकलें असेल. प्रायश्चित्त कोणतें द्यावें हें सांगावयास त्या वेळीं घरचे उपाध्येच पुढें असत. काळाची गति अशी कीं, आज त्याच उपाध्यायांच्या कुळांतील तरुण मुंबईच्या अमेरिकन वकिलातींत हातांत कागदांचें बाड घेऊन आपल्या नांवाचा पुकारा होण्याची वाट पाहत असतात. समुद्र ओलांडावा कीं नाहीं, हें आतां धर्मशास्त्राला कोणी विचारीत नाहीं. आतां विचारावयाचें तें परराष्ट्राच्या कायद्याला, आणि तेंहि एवढेंच कीं, आमच्या धर्मकार्यास तुम्ही ओळखतां काय, आणि ओळखत असाल तर किती महिन्यांपुरतें?

या परवान्यास तिकडील कायद्यांत ‘आर-वन’ असें रूक्ष नांव आहे. धर्मकार्यासाठीं येणाऱ्या परदेशी माणसास ठराविक मुदतीपुरतें राहूं देणारा व काम करूं देणारा असा हा व्हिसा. ‘एच-वन’ची माहिती आपल्या मंडळींस तोंडपाठ असते, कारण कोणी ना कोणी भाचा-पुतण्या त्यावर गेलेला असतोच. परंतु एक भाचा संगणकाच्या कामावर जातो त्याच देशांत दुसऱ्याला देवाची पूजा करावयास जावयाचें असेल, तर त्याचा मार्ग निराळा, नियम निराळे आणि धोकेहि निराळे. हें अंतर न समजतां ‘पोरगा अमेरिकेला लागला, आतां चिंता मिटली’ असें मानणें कसें महागांत पडतें, तेंच येथें सांगावयाचें आहे.

तिकडे भिक्षुक लागतो कशासाठीं, हें प्रथम पाहूं. १९६५ सालीं अमेरिकेनें आपला प्रवेशाचा कायदा बदलला आणि हिंदुस्थानांतून डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक तिकडे मोठ्या संख्येनें जाऊं लागले. आरंभीं देव कपाटांतल्या फळीवर होते. पुढें १९७७ सालीं न्यूयॉर्क शहराच्या फ्लशिंग भागांत गणपतीचें आणि पिट्सबर्गजवळ वेंकटेश्वराचें, अशीं दोन मंदिरें उभीं राहिलीं. आणि त्यानंतर एकामागून एक गांवीं देवळें होत गेलीं. महाराष्ट्र मंडळांचे गणेशोत्सव आले, मुंजी आल्या, लग्नें आलीं. मागाहून, ज्यांनीं संसार थाटले त्यांचीं श्राद्धेंहि आलीं. देऊळ पैशानें बांधतां येतें, मूर्ति जहाजानें नेतां येते. परंतु दहा-बारा वर्षें गुरुगृहीं बसून ज्यानें संहिता कंठस्थ केली, असा माणूस तिकडे तयार होत नाहीं. तेथें जन्मलेला मुलगा डॉक्टर होतो, वकील होतो, भिक्षुक होत नाहीं. यांत त्यांस नांवें ठेवण्यासारखें कांहीं नाहीं. पुण्यांत आणि मुंबईंत राहून आपण तरी किती घरांनीं मुलाला पाठशाळेंत घातलें? मुहूर्ताच्या दिवशीं गुरुजी मिळत नाहींत म्हणून कुरकुरणारे आपण, गुरुजी व्हावें असें आपल्या मुलाला सांगत नाहीं. तात्पर्य, नाशिक, आळंदी, पुणें येथील पाठशाळांतून जे थोडे वैदिक तयार होतात, त्यांस इकडूनहि मागणी असते आणि तिकडूनहि.

अमेरिकेच्या कायद्यानें धर्मोपदेशकास निराळें मानावें, ही गोष्ट नवी नाहीं. परदेशांतून मजूर करार करून आणूं नयेत, असा कायदा तेथें १८८५ सालीं झाला. कोणत्याहि प्रकारचें ‘श्रम अथवा सेवा’ असे त्याचे व्यापक शब्द होते. नट, गायक, व्याख्याते यांना त्यांत सूट होती. पाद्र्यांचा मात्र उल्लेख नव्हता. अशांत न्यूयॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चनें १८८७ सालीं वॉल्पोल वॉरन नांवाचे इंग्रज धर्मगुरु करार करून आणले, आणि सरकारनें चर्चवर दंडाचा दावा लावला. १८९२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, कायद्याचे शब्द कांहींहि असोत, पाद्र्याला मजूर समजून अडवावें असा तो करणाऱ्यांचा हेतु असूं शकत नाहीं. पुढें १९१७ सालीं हिंदुस्थानासकट आशियाच्या मोठ्या भागांतील लोकांस तेथें बंदी झाली. पण त्या बंदींतूनहि धर्मगुरु व धर्मोपदेशक वगळलेले होते. १९२४ च्या अधिक कडक कायद्यानें ही सूट राखली, मात्र अट घातली कीं, येणाऱ्यानें मागील दोन वर्षें अखंड तेंच कार्य केलेलें असावें. आजचा ‘आर-वन’ १९९० च्या कायद्यानें निर्माण झाला; तरी दोन वर्षांचा तो जुना आंकडा निराळ्या रूपानें त्यांत टिकून आहे.

आणि अशीच एक परवानगीची कथा आपल्या मुंबईंतहि घडलेली आहे. फक्त तेव्हां येणारे अमेरिकन होते आणि दार अडविणारी कंपनी सरकार होती. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी १८१२ सालीं कलकत्त्यास उतरले. त्यांस परत जाण्याचा हुकूम झाला, तेव्हां ते निसटून १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस आले. येथेंहि त्यांना हद्दपार करण्याचें ठरलें होतें. गव्हर्नर सर ईव्हन नेपियन यांच्याकडे त्यांनीं अर्जविनंत्या केल्या, दिवस अनिश्चिततेंत काढले, आणि अखेर राहण्याची मोकळीक मिळविली. त्याच वर्षीं कंपनीची सनद नवी झाली व मिशनऱ्यांनीं परवाना घेऊन यावें असें ठरलें. त्या दोघांपासून सुरू झालेल्या मराठी मिशननें पुढें १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ काढला, हें वाचकांस ठाऊक असेल. धर्मकार्यास निघालेला माणूस परक्या सरकारच्या दारांत उभा राहतो, तेव्हां त्याची श्रद्धा कितीहि मोठी असली तरी तो अर्जदारच असतो. दोनशें वर्षांपूर्वींचा तो अमेरिकन आणि आजचा आपला वैदिक यांच्यांत एवढ्यापुरतें साम्य आहे.

आतां प्रत्यक्ष नियम. आर-वनसाठीं उमेदवारानें स्वतः अर्ज करून भागत नाहीं. त्याला बोलावणाऱ्या संस्थेनें प्रथम तेथील सरकारकडे अर्ज करावा लागतो. ही पद्धत २००८ च्या अखेरीस आली. तोंपर्यंत उमेदवार परस्पर वकिलातींत जाऊं शकत असे. खोटे दाखले पुष्कळ आढळल्यामुळें नियम कडक झाले, आणि सरकारी अधिकारी देवळांत येऊन प्रत्यक्ष पाहणी करूं लागले. बोलावणारी संस्था नफा न घेणारी, करखात्यानें धार्मिक म्हणून मान्य केलेली असावी. उमेदवार निदान मागील दोन वर्षें त्याच संप्रदायाचा अनुयायी असावा. काम आठवड्यास सरासरी वीस तासांहून कमी नसावें. पगार किती, राहण्याजेवण्याची सोय कोणती, तें पुराव्यासह लिहून द्यावें लागतें. हें सर्व मान्य झाल्यावर मग वकिलातींत मुलाखत होते.

ऐकावयास हें सरळ वाटतें. पण येथेंच आपल्या धर्माची आणि त्यांच्या कायद्याची गांठ नीट बसत नाहीं. तो कायदा चर्च डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेला आहे. ‘संप्रदाय’ म्हणजे ज्याला ठरलेलें मत आहे, उपासनेची रीत आहे, अनुयायी मंडळी आहे आणि शिस्तीचे नियम आहेत, असा समाज. ‘धर्मगुरु’ म्हणजे त्या संप्रदायाच्या नियमांप्रमाणें शिक्षण व अधिकार मिळालेला माणूस. पाद्र्याला बिशप हस्तस्पर्शानें अधिकार देतो, त्याचें पत्र असतें. आमच्या ऋग्वेदी घनपाठ्याला अधिकार कोणीं दिला? त्याच्या मुंजीचा दाखला कोणत्या कचेरींत मिळतो? त्याची परीक्षा गुरूसमोर झाली, पंचक्रोशीला ती ठाऊक आहे. पण वकिलातींतल्या अधिकाऱ्याला पंचक्रोशी ठाऊक नाहीं. त्याला हवें तें पाठशाळेचें प्रमाणपत्र, अध्ययनाचीं वर्षें, कोणकोणते संस्कार करण्यास हा पात्र आहे तें सांगणारें पत्र. म्हणून ज्या पाठशाळा आजवर तोंडी परंपरेवर चालल्या, त्यांनीं निदान आपल्या शिष्यांची नोंद आणि प्रमाणपत्रें व्यवस्थित ठेवावींत. यांत परंपरेची हानि कोणतीच नाहीं, आणि विद्यार्थ्याचें हित मात्र मोठें आहे.

आणखी एक बारकावा. ज्यांचें मुख्य काम झाडलोट, दुरुस्ती, कारकुनी किंवा वर्गणी गोळा करणें असें आहे, ते या कायद्याप्रमाणें धर्मसेवक ठरत नाहींत. आपल्या देवळांत मात्र पुजारीच गाभारा धुतो, तोच नैवेद्य शिजवितो, तोच निर्माल्य काढतो. आणि हें सर्व आम्हीं पूजेचाच भाग मानतों. ही सरमिसळ इकडे गुण आहे, तिकडे ती वादाचें मूळ होऊं शकते. न्यू जर्सींतील एका भव्य मंदिराच्या कामावर आर-वन घेऊन आणलेल्या कांहीं कामगारांनीं २०२१ सालीं दावा लावला. आपल्याकडून दगडकामासारखीं कष्टाचीं कामें दीर्घकाळ करून घेतलीं आणि मोबदला तासाला सुमारें सव्वा डॉलरच पडला, असें त्यांचें म्हणणें होतें. संस्थेनें आरोप नाकारले. हें काम सेवा म्हणून झालें, अशी तिची बाजू होती. सरकारी फौजदारी चौकशी २०२५ सालीं आरोप न ठेवतां बंद झाली. दोहोंपैकीं कोणाची बाजू खरी हें ठरविणें आमचें काम नव्हे. परंतु ‘सेवा’ या एका शब्दाचे दोन देशांत दोन अर्थ होतात, आणि तो अर्थ कागदावर स्पष्ट केला नाहीं तर दोन्ही पक्षांची नाचक्की होते, एवढा धडा त्यांतून घ्यावयास हरकत नाहीं.

मुदतीचें गणित असें आहे. पहिल्यानें परवाना अधिकांत अधिक तीस महिन्यांचा मिळतो, आणि वाढवून एकंदर पांच वर्षांचा होतो. पांच वर्षें भरलीं कीं देश सोडावा लागतो. पूर्वीं निदान एक वर्ष बाहेर काढल्यावांचून पुन्हां आर-वन मिळत नसे. ती एक वर्षाची सक्ती २०२६ च्या जानेवारींत काढून टाकण्यांत आली. तरी देश सोडणें आणि नव्यानें परवानगी मागणें चुकलेलें नाहीं. कायमचें राहावयाचें तर धर्मसेवकांसाठीं निराळा वर्ग आहे. परंतु त्या वर्गांत इतरहि अनेक प्रकारचे अर्जदार असून सर्वांना मिळून वर्षाला सुमारें दहा हजारच जागा आहेत. २०२३ सालीं सरकारनें या रांगेची मोजणी बदलली आणि रांग एकाएकी कित्येक वर्षांची झाली. २०२५ सालीं तर त्या हिशेबी वर्षाच्या जागा फेब्रुवारीअखेरच संपून गेल्या. पांच वर्षांचा परवाना आणि त्याहून लांब रांग, अशा कात्रींत सर्व धर्मांचे लोक सांपडले. न्यू जर्सींतील पॅटर्सन येथील कॅथलिक धर्मप्रांतानें व पांच परदेशी पाद्र्यांनीं २०२४ सालीं सरकारविरुद्ध दावा लावला, तो याच कारणासाठीं. पाद्री गेला म्हणजे चर्च ओस पडतें, तसेंच पुजारी गेला म्हणजे देऊळ.

इंग्लंडांत रीत निराळी आहे. तेथें तात्पुरत्या धर्मसेवकाचा परवाना अधिकांत अधिक चोवीस महिन्यांचा. आणि २०१९ पासून, जो मंडळीचें धार्मिक नेतृत्व करणार त्यानें त्या तात्पुरत्या दारानें न येतां धर्मगुरूच्या मोठ्या दारानेंच यावें, असा नियम झाला. त्या दारावर इंग्रजीची चांगलीच परीक्षा आहे. अमेरिकेच्या आर-वनला भाषेची परीक्षा नाहीं. ज्यानें बारा वर्षें संस्कृतांत घालविलीं त्याला ही सवलत वाटेल. पण इंग्रजी न येणाऱ्या माणसाला आपल्या करारांत काय लिहिलें आहे तेंहि वाचतां येत नाहीं, हें विसरूं नये.

आतां घराकडे वळूं. कारण परवाना एकाला मिळाला तरी परिणाम सगळ्या कुटुंबावर होतो. पत्नीस व एकवीस वर्षांखालील मुलांस ‘आर-टू’ मिळतो. त्यावर मुलें शाळेंत जाऊं शकतात, पत्नीस शिकतां येतें. कमावतां मात्र येत नाहीं. आज आपल्या सुना-लेकी शिकलेल्या आहेत. येथें शाळेंत वा बँकेंत काम करणारी मुलगी तेथें पांच वर्षें अर्थार्जनावांचून राहील, तिच्या नोकरींतील ज्येष्ठता जाईल, आणि परत आल्यावर तिला पुन्हां पहिल्या पायरीवर उभें राहावें लागेल. हें लग्नाच्या बोलण्यांतच स्पष्ट झालें पाहिजे. ‘मुलगा अमेरिकेंत असतो’ एवढ्या वाक्यावर स्थळ ठरवूं नये. कोणत्या परवान्यावर असतो आणि त्यांतलीं किती वर्षें उरलीं, हें वधूपक्षानें विचारावें आणि वरपक्षानें न चिडतां सांगावें.

दुसरी गोष्ट बांधिलकीची. आर-वनवर गेलेला मनुष्य ज्या संस्थेनें अर्ज केला तिचेंच काम करूं शकतो. शेजारच्या गांवांतील यजमानानें प्रेमानें बोलावलें, वास्तुशांत सांगितली, हातावर दक्षिणा ठेवली. आपल्याकडे यांत वावगें काय? तेथें मात्र देवळामार्फत न ठरतां परस्पर असें काम करून पैसे घेतले, तर परवान्याचा भंग समजला जाण्याचा धोका आहे. दक्षिणा हें आमच्या मतें दान. कायद्याच्या दृष्टीनें ती मिळकत. आणि विश्वस्तांशीं बिनसलें, काम सुटलें, तर संस्थेनें चौदा दिवसांच्या आंत सरकारला कळवावयाचें असतें. एच-वनवाल्याची नोकरी गेली तर नवी पाहण्यास त्याला साठ दिवसांपर्यंत सवड मिळते. आर-वनवाल्यास ती सवड कायद्यानें दिलेली नाहीं. म्हणजे ज्या यजमानाच्या घरीं गुरुजी पूजा सांगतात, त्याच्या मुलाला मिळणारी सवलत गुरुजींना नाहीं.

म्हणून ज्या घरांतून वैदिक तिकडे निघाला आहे, त्या घरानें निघण्यापूर्वीं कांहीं गोष्टी शांतपणें पाहून घ्याव्यात. संस्थेनें सरकारला केलेल्या अर्जाची प्रत मागून घ्यावी, आणि घरांतील इंग्रजी जाणणाऱ्या माणसानें ती ओळीओळीनें मुलाला समजावून सांगावी. पगाराचा आंकडा, राहण्याची जागा, आठवड्याचे तास, सुटीचा दिवस, आजारपणाचा खर्च कोणाकडे, आईवडिलांचें कांहीं बरेंवाईट झाल्यास येण्याजाण्याची तरतूद कोणती, हें लेखी असावें. पारपत्र आणि परवान्याचे मूळ कागद नेहमीं त्याच्याजवळच राहावेत. ‘आम्ही सांभाळून ठेवतों’ असें कोणी कितीहि आपुलकीनें म्हटलें तरी ते देऊं नयेत. कायमच्या वास्तव्याचा अर्ज करावयाचा असेल तर तो कोण करणार व केव्हां, हें पहिल्याच वर्षीं विचारावें; चौथ्या वर्षीं विचारून फारसा उपयोग होत नाहीं. आणि इकडची घरची यजमानवृत्ति, विशेषतः पिढ्यान् पिढ्या चालत आलेली, एकदम मोडूं नये. भावाकडे, चुलत्याकडे सोंपवून जावें. पांच वर्षें ही फार मोठी मुदत नव्हे.

परंतु सगळा भार जाणाऱ्यावर टाकून चालणार नाहीं. आपल्यापैकीं अनेकांचे मुलगे-मुली तिकडे त्या देवळांचे विश्वस्त आहेत, वर्गणीदार आहेत. त्यांना पत्रांतून, फोनवरून एवढें सांगणें आपल्या हातीं आहे कीं, तुमच्या नातवाची मुंज ज्यांनीं लावली त्या गुरुजींचा करार एकदां वाचून पाहा. त्यांची मुदत कधीं संपते हें तुमच्या सभेच्या टिपणांत असूं द्या. त्यांची पत्नी दिवसभर देवळामागच्या दोन खोल्यांत कशी राहते याची विचारपूस करा. देवळाच्या शिखराला सोनें चढविण्यापूर्वीं गाभाऱ्यांत उभ्या असणाऱ्या माणसाच्या पायांखालची जमीन किती दिवसांची आहे, तें पाहा. यासाठीं कायदा बदलावा लागत नाहीं. यजमानाला आपला धर्म आठवावा लागतो.

अतिथि या शब्दाची फोड आपण लहानपणीं शिकलों: ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि. त्याला देव मानावें असें आपण मुलांना शिकवितों. सातासमुद्रांपलीकडे गेलेल्या या उपाध्यायाची जाण्याची तिथि मात्र आधींच ठरलेली असते. ती पुढें ढकलणें आपल्या हातीं नाहीं. तोंवरचे दिवस त्याला मानानें, हक्काच्या पगारानें आणि निर्धास्त मनानें काढतां यावेत, एवढें मात्र त्याला बोलावणाऱ्यांच्या आणि पाठविणाऱ्यांच्या हातीं आहे.